घरच्या घरी धार

मुलुंड पूर्वेच्या अरुणोदय सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या अनंत मुळ्यांना मोजल्याशिवाय काही पटत नसे. भांडुपच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांनी चौतीस वर्षं काढली होती. मिलिमीटरचे शंभर भाग करायचे आणि त्यातले दोन कमी भरले तर माल परत पाठवायचा, हा त्यांचा रोजचा उद्योग. निवृत्तीनंतर त्यांचा व्हर्नियर कॅलिपर घरी आला आणि देव्हाऱ्याखालच्या खणात राहू लागला. पद्मजाबाईंच्या पोळीची जाडी त्यांनी त्यावर एकदाच मोजली. पुन्हा मोजायची हिंमत त्यांना झाली नाही.

माणूस वाईट नव्हता. उलट, बायकोची काळजी जरा जास्तच होती. बासष्टाव्या वर्षी तिनं उन्हातान्हात कशाला फिरायचं, म्हणून त्यांनी दोन वर्षांत एकेक काम घरात आणलं. दूध फोनवर, भाजी फोनवर, औषधं फोनवर. बँकेत जायला नको, बिल भरायला नको. पूर्वी पद्मजाबाई दिवसातून तीनदा खाली उतरायच्या, ते होता होता फक्त मंगळवारवर आलं.

मंगळवारी दुपारी चारच्या सुमाराला गल्लीत धारवाला येई. सायकल स्टँडवर चढवायची आणि पॅडल मारत दगड गरागरा फिरवायचा. पद्मजाबाई तीन सुऱ्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणि विळी काखेत मारून खाली जायच्या. बाकीच्या बिल्डिंगमधल्या बायकाही यायच्या. सुऱ्यांना धार लावायला सहा मिनिटं लागत आणि पद्मजाबाई पाऊण तासानं वर येत. अनंतरावांनी हेही मोजलं होतं.

जानेवारीतल्या एका मंगळवारी त्यांनी वर आलेली सुरी उजेडात धरली आणि कपाळाला हात लावला. पात्याच्या कडेला निळसर झाक आली होती.

"पाणी उतरवलंन गाढवानं! कोरड्या दगडावर एवढं तापवल्यावर पोलाद मऊ नाही पडणार तर काय? आजपासून बंद. धार घरच्या घरी लावायची. मी लावीन."

"आणि मी?" पद्मजाबाईंनी विचारलं.

"तू काय?"

पद्मजाबाईंनी विळी आडवी करून ओट्याखाली सरकवली आणि चहा टाकला.

अनंतरावांना उद्योग मिळाला. आधी त्यांनी फुकटातले उपाय तपासले. चिनीमातीच्या कपाच्या बुडाला चकाकी नसते, त्या खरखरीत कडेवर सुरी घासून बघितली. टोमॅटो कापण्याइतपत धार आली. ओट्याच्या कडाप्प्याची कड वापरली तर पात्यावर ओरखडे उठले. मग फोनवरून प्लॅस्टिकचं एक यंत्र आलं. त्याच्या खाचेतून सुरी ओढायची. दोनदा ओढल्यावर त्यांनी भिंगातून पाहिलं आणि यंत्र सरळ कचऱ्यात टाकलं. "हे धार लावत नाही, पातं कुरतडतं." पोलादी दांडा आला. त्यानं वाकलेली धार सरळ होते, नवी येत नाही. शेवटी पाण्यात भिजवून वापरायचे दोन दगड आले, जाडसर हजार नंबरचा आणि बारीक तीन हजारचा. तिथं त्यांचा जीव रमला.

रोज दुपारी चार वाजता ते स्वयंपाकघरातल्या खिडकीपाशी बसत. पात्याच्या कडेला काळ्या मार्करनं रेघ मारायची, पंधरा अंशांत पातं धरायचं, शाई सारखी उडते का ते बघायचं. दगडावर काळं पाणी साठायचं. ते फडक्यानं टिपून फडकं खिडकीच्या ग्रिलवर वाळत टाकायचं. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर पातं फिरवायचं. आठवडाभरात सुरीनं वर्तमानपत्राचा कागद आवाज न करता कापायला सुरुवात केली. विळीसुद्धा सुटली नाही. पद्मजाबाईंच्या आईनं लग्नात दिलेली विळी, तिचं पातं त्यांनी पाटातून ठोकून काढलं आणि दगडावर धरलं. विळीचं पातं कोणी काढत नाही, ते पाटासकटच घासतात, असं पद्मजाबाई म्हणाल्या. अनंतराव म्हणाले, "म्हणूनच कोन चुकतो."

दोन गोष्टी त्यांनी तेव्हा पाहिल्या आणि सोडून दिल्या. वाळलेलं फडकं झटकलं की काळी भुकटी पडायला हवी, ती पडत नसे. फडकं धुतल्यासारखं स्वच्छ असे. आणि मोठ्या सुरीची रुंदी महिन्याभरात साडेचोवीस मिलिमीटरवरून बावीसवर आली होती. इतकं पोलाद हातानं घासून जायला वर्षं लागतात.

फेब्रुवारीत पद्मजाबाईंच्या धाकट्या बहिणीचा, माधुरीचा फोन आला. ती पार्ल्याला एकटी राहायची. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, मार्चच्या शेवटच्या सोमवारी. ताईनं आदल्या रविवारी यावं आणि महिनाभर राहावं, असं तिचं म्हणणं.

"नर्स मिळते की घरी यायला," अनंतराव म्हणाले. "फोनवर मिळते."

पद्मजाबाई एरवी दोन शब्द बोलल्या असत्या. त्या दिवशी त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

वाटीचं प्रकरण त्याच आठवड्यातलं. शेजारच्या शेवंती परबांच्या आणि मुळ्यांच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या लागून होत्या. वीस वर्षं दोघींच्या वाट्या ग्रिलमधून इकडून तिकडे जात होत्या. तळहातावर वाटी ठेवायची आणि गजांमधून हात पलीकडे न्यायचा. वाटी जेमतेम जायची, पण जायची.

"मुळ्येवयनी, घेवा गो, काळ्या वाटाण्याची उसळ आसा," शेवंतीनं हाक मारली. तिच्या गजांमधून वाटी बाहेर आली आणि मुळ्यांच्या गजांवर टणकन आपटली. तिनं वाटी जरा फिरवली, पुन्हा आपटली. उसळीचा रस्सा खालच्या पत्र्यावर सांडला.

"ह्या काय झाला? वाटी जायना कशी?"

"वाटी मोठी असेल," अनंतराव आतून म्हणाले.

"भावजी, तीच वाटी. तुमचीच आसा."

वाटी मग दारातून आली. अनंतरावांनी ती धुऊन मोजली. अठ्ठ्याऐंशी मिलिमीटर. दोन गजांमधलं अंतर मोजलं. सत्त्याऐंशी. बिल्डिंग बांधली तेव्हा त्यांनीच ग्रिल करवून घेतलं होतं, नव्वदचं अंतर ठेवून आणि दहाचा चौकोनी गज वापरून. त्यांनी गज मोजला. तेरा.

रंगाचे थर असतील, हे त्यांचं पहिलं म्हणणं. त्यांनी चाकूच्या टोकानं रंग खरवडला. रंगाचा एकच पातळ थर निघाला. खाली गंज नव्हता. खाली नुकतं घासलेलं, चकचकीत पोलाद होतं आणि त्यावर एका दिशेनं गेलेल्या बारीक रेषा होत्या. तशा रेषा तीन हजार नंबरच्या दगडानं उठतात. अनंतरावांनी तिथं बोट ठेवलं. गज कोमट लागत होता. दुपारचं ऊन आहे, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. खिडकी उत्तरेची होती.

दुसऱ्या दिवशी चार वाजता ते पुन्हा दगड घेऊन बसले. आता त्यांना आकडे हवे होते. धार लावायच्या आधी सुरी मोजायची, गज मोजायचा. नंतर सुरी मोजायची, गज मोजायचा. सुरी घटली. गज वाढला. त्यांनी वही मिटली.

त्यांनी दगड गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकले. सुऱ्या खणात ठेवल्या. विळीचं पातं पुन्हा पाटात ठोकलं. तीन दिवस घरात कुणी कशाला धार लावली नाही.

चौथ्या दिवशी त्यांनी खण उघडला. मोठी सुरी एकोणीस मिलिमीटर झाली होती. कागदाच्या घडीवर ठेवलेली, कुणी हात न लावलेली. आणि गज सतराचा झाला होता.

गज वाढतच गेले आणि स्वयंपाकघरात दिवसाही ट्यूबलाइट लावावी लागू लागली. बाहेरच्या लोखंडी दरवाजाचं लोखंडही तसंच वाढत होतं. त्याला वर जाळी आणि खाली पत्रा होता. तो आधी घासू लागला, मग अडू लागला. जाळीची भोकं आधी बोट जाईल एवढी होती, ती पेन्सिल जाईल एवढी झाली. बिजागरीत तेल घालून अनंतरावांनी खांदा लावला की दरवाजा वीतभर उघडे, त्यापुढे नाही. सामान घेऊन येणारी मंडळी पिशव्या त्या फटीतून आत सरकवत. दाराबद्दल कुणी काही बोलत नसे. आपण स्वतः शेवटचं खाली कधी उतरलो, हे अनंतरावांनी आठवून पाहिलं. आठवेना.

त्यांनी ग्रिलवाल्याला बोलावलं. तो शेवंतीकडच्या खिडकीतून बघून गेला आणि खालून त्यानं फोन केला.

"काका, गज दहाचाच आहे ना. टेप लावला मी. झकास आहे ग्रिल, उगाच कशाला बदलताय?"

"आतून बघा तुम्ही. आत या."

"बेल वाजवली की दोनदा. दार उघडंच होतं, पण आत कोणी दिसलं नाही. वाटलं, झोपले असतील."

अनंतराव दारापाशीच उभे होते. सकाळपासून तिथंच उभे होते. बेल वाजली नव्हती.

त्या संध्याकाळी त्यांनी पद्मजाबाईंना समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. वही दाखवली, आकडे दाखवले. ती घाबरेल, रडेल, म्हणून तिच्यासाठी पाणीसुद्धा आणून ठेवलं होतं. पद्मजाबाईंनी वही शेवटपर्यंत बघितली आणि परत दिली.

"मला वाटलं, तुम्हीच जाड गज बसवून घेतलेत," त्या म्हणाल्या.

"मी? मी कशाला बसवीन?"

"काळजीनं." हे त्या अगदी साधेपणानं म्हणाल्या. "म्हटलं, दुपारी मी झोपते तेव्हा माणसं बोलावत असाल. तुम्ही विचारत कुठं असता मला?"

  अनंतरावांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही भीती जास्त वाटली, कारण हे सगळं बघूनही तिला आश्चर्य वाटलं नव्हतं. ती महिनाभर या गजांमागे बसून भाजी निवडत होती आणि हे नवऱ्याचं काम आहे, असं समजून गप्प होती.

"रविवारी तू माधुरीकडे जा," ते म्हणाले.

"नर्स येणार आहे ना तिच्याकडे?"

"नर्स-बिर्स काही नाही. तू जा. महिना राहा, दोन महिने राहा. मी येतो सोडायला."

पद्मजाबाईंनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. "खरंच?" हा एकच शब्द त्या म्हणाल्या.

रविवारला चार दिवस होते. अनंतरावांनी त्या चार दिवसांत दुसरं काही केलं नाही. करवतीच्या पात्यानं गज कापून बघितला. पात्याचे दात गेले आणि गजावर चरा उठला नाही. दरवाजाच्या चौकटीत रात्री पाचर ठोकली, ती सकाळी चपटी झालेली मिळाली. सुऱ्या त्यांनी शेवंतीकरवी खाली धारवाल्याकडे पाठवल्या, निदान घराबाहेर जाऊ देत म्हणून. त्यानं तशाच परत पाठवल्या. निरोप होता, "काकांना सांगा, यात आता लोखंडच नाय उरलं." शेवंतीच्या हातून त्या फटीतून आत आल्या. पाती गवतासारखी झाली होती, हातात धरली की लवत होती.

शुक्रवारी दरवाजा चार बोटं उघडला. शनिवारी तीन.

बासष्ट वर्षांची बाई तीन बोटांतून बाहेर कशी जाणार, हे गणित अनंतरावांनी मनातल्या मनात पुन्हा पुन्हा मांडलं. माधुरीचा दिवसातून दोनदा फोन येई आणि पद्मजाबाई तिला सांगत, "येते गं, येते. हेच सोडायला येतायत." त्या कपड्यांच्या घड्या करत होत्या, औषधांच्या डब्या भरत होत्या. बायकोला जाता आलं नाही तर ती काही म्हणणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. ती पुन्हा ओट्याशी जाऊन उभी राहील, एवढंच.

रविवारी सकाळी नऊला रिक्षा खाली येऊन थांबली. पद्मजाबाई हिरवी सुती साडी नेसल्या, पावडर लावली आणि देवाला हळदकुंकू वाहिलं. एक पिशवी त्यांच्या हातात, दुसरी अनंतरावांच्या.

अनंतरावांनी कडी काढली. जमिनीवर बसून पाठ भिंतीला टेकवली, दोन्ही पाय दरवाजाला लावले आणि सगळा जोर काढला. कमरेत कळ आली. दरवाजा करकरला आणि दोन बोटं सरकला. मग आणखी एक बोट.

"जा," ते म्हणाले. "आडवी हो आणि जा."

"अहो, कसं..."

"जा म्हणतो ना!"

पद्मजाबाईंनी डोळे मिटले, एक खांदा फटीत घातला आणि गेल्या. कशा गेल्या ते अनंतरावांना दिसलं नाही. पदर लोखंडाला घासल्याचा आवाज झाला. त्यांचे पाय दरवाजावरून सुटले आणि दरवाजा मिटला.

"आले!" बाहेरून आवाज आला. आवाज हसरा होता. "अहो, मी आले बाहेर! या आता."

अनंतरावांनी दरवाजाला हात लावला.

"येताय ना?"

आवाज अगदी स्वच्छ येत होता. मध्ये दार नसावं इतका स्वच्छ. जिन्यातली झाडू मारायची खरखर येत होती, शेवंतीच्या घरातला रेडिओ येत होता. समोर मात्र लोखंड होतं. जाळी बुजली होती. कडी जिथं असायची तिथं हात गुळगुळीत पृष्ठभागावरून घसरला.

"दार तर उघडाच आसा," शेवंती म्हणाली. "येवा म्हणाव त्यांका, रिक्षावालो वाट बघता."

"अहो, दिसत का नाही तुम्ही? कुठं आहात?"

ते दरवाजाला कपाळ टेकून उभे होते.

"आतल्या खोलीत आहे," ते म्हणाले.

"थांबा, मीच येते आत. तुमची गोळी राहिली असेल घ्यायची."

चपलेचा आवाज झाला. एक पाऊल. उंबऱ्याशी आल्याचं दुसरं.

"पद्मजा!" ते ओरडले. मग आवाज खाली आणला. "आत येऊ नकोस. गोळी घेतली मी. तू पुढे हो."

"पिशवी आहे ना तुमच्याकडे?"

"मी आणतो. येतोच मागून. तू हो पुढे, माधुरी वाट बघत असेल."

  इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी तिला कधी विनवलं नव्हतं. आता मनातल्या मनात ते तिला विनवत होते.

"बरं," पद्मजाबाई म्हणाल्या. "पण लवकर या हं."

चपला जिना उतरू लागल्या. पहिला मजला. तळमजला. मग गल्लीत कुणीतरी "अरे, किती दिवसांनी!" म्हणालं, आणि त्या मोठ्यानं हसल्या. रिक्षा सुरू झाली.

अनंतराव स्वयंपाकघरात गेले. गजांमध्ये आता उजेडाची एक उभी रेघ होती. डोळा लावला तरी तिच्यातून गल्ली दिसली नाही.

ते परत आले. हत्यारांची पेटी काढली आणि तिच्यातलं फीलर गेज बाहेर घेतलं. फट मोजायच्या पोलादी पट्ट्या असतात, एकीहून एक पातळ. त्यांनी एक मिलिमीटरची पट्टी दरवाजा आणि चौकट यांच्या मध्ये धरली. गेली नाही. अर्ध्या मिलिमीटरची. पाव मिलिमीटरची.

सगळ्यात पातळ पट्टी केसाइतकी होती. ती त्यांनी वरच्या बिजागरीपासून खालच्या कोपऱ्यापर्यंत हळूहळू फिरवली. कुठंच आत शिरली नाही. मग त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वरून सुरुवात केली, आणि दरवाजा कुठं संपतो आणि चौकट कुठं सुरू होते, ते बोटांनी शोधू लागले.